डावीकडून उगवणाऱ्या गाड्या

आमच्या इमारतीत कुणाचा गेम चालेनासा झाला की लोक तळमजल्यावरच्या काकांना हाक मारतात. काका कॉम्प्युटरवाले नाहीत. ते चष्म्याच्या दुकानात काम करतात. मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या, फ्रेमच्या मापाच्या करायच्या, आणि पुढे गर्दी झाली की गिऱ्हाइकांचे नंबर तपासायचे. एक जडशीळ गोल फ्रेम समोरच्याच्या नाकावर चढवायची, तिच्यात काच सरकवायची आणि विचारायचं, "आधीचं बरं की आत्ताचं?" काच बदलायची. "आणि आता? आधीचं बरं की आत्ताचं?"

जन्मभर हेच विचारत राहिल्यावर माणसाचं जे व्हायचं ते झालंय. भाजीवाल्यानं जुडी बदलून दिली तरी काका दोन्ही जुड्या हातात धरून स्वतःलाच विचारतात. लग्न का नाही केलंत, असं माझ्या आईनं एकदा विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, आधीचं बरं वाटलं." त्यामुळे इमारतीत त्यांचं नावच 'आधीचं-आत्ताचं काका' पडलंय. त्यांची नक्कल करायला फार काही लागत नाही. मान किंचित वाकडी, आवाज नाकातून, आणि बोलण्याआधी समोरच्या वस्तूवर तोंडानं 'हाः' करून वाफ सोडायची. चष्मा पुसताना करतात तसं. काका कॉम्प्युटरच्या पडद्यावरही 'हाः' करतात. पुसल्याशिवाय ते कशाकडे बघतच नाहीत.

गेमचा नाद त्यांना कसा लागला, तर बुद्धिबळ खेळायला म्हणून त्यांनी कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर बुद्धिबळ चालेना. संध्याकाळमागून संध्याकाळ ते त्याच्यामागे लागले. एक दिवस ते चाललं. काकांनी दोन प्यादी हलवली, "चालतंय," म्हणाले आणि बंद करून टाकलं. पुन्हा कधी उघडलं नाही. गेम चालवणं आणि गेम खेळणं या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी फावल्या वेळात करायची.

त्यांची पद्धत दुकानातलीच. पहिला नियम, बिघाड डोळ्यांदेखत झाला पाहिजे. "मला सांगू नका, बिघडवून दाखवा." दुसरा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वरच्या मजल्यावरच्या पोरानं एकदा वैतागून एकदम पाचसहा सेटिंग बदलली आणि गेम सुरू झाला, तर काका आनंदी व्हायच्या ऐवजी दुखावले. "अरे, पण कशानं सुरू झाला? पाच चोर पकडलेस, त्यातला चोरी केलेला कोण?" पोरगं म्हणालं, "काका, मला खेळायचंय हो." काकांनी त्याच्याकडून सगळं पूर्ववत करून घेतलं आणि एकेक बदलत गेले. पोराची अख्खी संध्याकाळ गेली. चोर सापडला तेव्हा पोरगं झोपलं होतं.

शेजारच्या शिक्षिकाबाईंचा कोड्यांचा गेम दर थोड्या वेळानं बंद पडायचा. काकांनी बिघडवून दाखवा म्हटलं, बाईंनी दाखवलं. काका मशीनकडे बघेनात, बाईंनी त्याच्यावर घातलेल्या कव्हरकडेच बघत राहिले. कव्हर सुरेख होतं, कडेनं वेलबुट्टी. "बाई, हे चालू असताना काढत नाही?"

"अहो, धूळ जाते ना आत!"

"धूळ जात नाही, पण वाराही जात नाही. तुम्ही स्वेटर घालून पळून बघा."

कव्हर निघालं, गेम चालला. तरी काकांनी विचारलंच, "आधीचं बरं की आत्ताचं?" बाई म्हणाल्या, "दिसायला आधीचंच बरं होतं."

हे सगळं हसण्यासारखं होतं, आणि मी हे सगळं इमारतीच्या गच्चीवर करून दाखवायचे. आता जे सांगणार आहे ते मात्र मी गच्चीवर कधी करून दाखवलेलं नाही.

माझे बाबा शहर बसचे ड्रायव्हर. डेपोत त्यांना 'मास्तर' म्हणतात, कारण नवीन पोरांना हात बसवायला त्यांच्या शेजारी बसवतात. काका आणि बाबा शाळेपासूनचे दोस्त. एकमेकांशी बोलताना दोघांच्या तोंडात फक्त टोमणे. रोज सकाळी काका बाबांच्याच बसनं दुकानात जातात आणि उतरताना म्हणतात, "आज बरी चालवलीस. कोण शिकवत होतं?"

तर या बाबांनी घरच्या कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा गेम आणला. आईला हे अजिबात कळेना. "दिवसभर बस हाकायची आणि घरी येऊन ट्रक हाकायचा! सुतार घरी येऊन टेबलं तासतो का?"

"अगं, इथं मागं कोणी उभं नसतं," बाबा म्हणाले. "इथं कोणी म्हणत नाही, मास्तर, जरा पुढं थांबवा, माझी सासू उतरायची आहे."

पण गेम उघडेचना. काळी चौकट चमकून जायची आणि गायब. काकांना हाक गेली. काका आले, पडद्यावर 'हाः' केलं, पुसला आणि म्हणाले, "बिघडवून दाखव."

चौकट चमकली, गेली.

"काय लिहिलं होतं?"

"होतं काहीतरी," बाबा म्हणाले.

"काहीतरी असं कुठलंच मशीन लिहीत नाही. पुन्हा कर. मैना, तुझे डोळे तरणे आहेत, तू वाच." मैना म्हणजे मी. ऐकलेलं सगळं परत बोलून दाखवते म्हणून.

मी वाचलं. गेमची एक फाइल सापडत नाही, असं काहीसं होतं. काकांनी शोध घेतला, तर व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रॅमनं ती फाइलच चोर समजून कोंडून ठेवली होती. "पोलिसानं नवरदेवाला आत टाकलं आणि वऱ्हाड मांडवात ताटकळतंय," काका म्हणाले. फाइल सोडवली, गेम उघडला. बाबांचा ट्रक मोठ्या रस्त्याला लागला आणि बाबांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की आईसुद्धा दारातून बघत राहिली.

हे सुख फार टिकलं नाही. बाबांचे अपघात व्हायला लागले. "या गेममध्ये खोट आहे," ते काकांना म्हणाले. "डावीकडून गाड्या एकदम उगवतात. रस्ता मोकळा असतो आणि दुसऱ्या क्षणी दारात टेम्पो. असं कधी होतं का? मी जन्मात कुणाला ठोकलेलं नाही."

काकांनी मान डोलावली. त्यांच्या ओळखीचं दुखणं होतं ते. मशीन कमकुवत असलं की लांबचं चित्र काढायला त्याला वेळ लागतो, मग झाडं, घरं, गाड्या जवळ आल्यावर अचानक प्रकटतात. उपायही ठरलेले. चित्राचा बारकावा कमी केला. "आधीचं बरं की आत्ताचं?"

"सारखंच."

दुसऱ्या दिवशी लांबवरचं दिसण्याचं अंतर वाढवलं. "आणि आता?"

"सारखंच रे. पुन्हा टेम्पोच."

मग काका म्हणाले, "ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर जुना झालाय."

"ते मला केव्हाचं माहीत आहे," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. आम्ही सगळे पोट धरून हसलो. बाबा तर इतके हसले की त्यांच्या हाताचा धक्का लागून डाव्या अंगाला ठेवलेला चहाचा कप लवंडला. "घ्या!" आई फडकं घेऊन आली. "आजकाल यांच्या डावीकडे काही ठेवायची सोय नाही. दाराची चौकटसुद्धा ठोकून जातात. म्हातारपण येतंय, धांदरटपणा पुढे पाठवलाय."

नवा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, घातला. सारखंच. पडदा बदलून काकांचा आणून जोडला. सारखंच. दुसरी केबल. सारखंच. असे कितीतरी दिवस चाललं. काका रोज एकच गोष्ट बदलायचे, बाबा रोज एकच शब्द बोलायचे, आणि मी जेवताना दोघांचं करून दाखवायचे, एकदा नाकातून, एकदा घशातून. आईला ठसका लागायचा.

रविवारी दुपारी काका पुन्हा आले. या वेळी त्यांनी मशीनला हात लावला नाही. खुर्ची ओढून बाबांच्या मागे बसले.

"का रे? आज काय बदलणार?" बाबा म्हणाले.

"आज काही नाही. तू चालव."

थोडा वेळ ते नुसते बघत बसले. मग म्हणाले, "दुकानात एखादं गिऱ्हाईक असं येतं. काच बदला, सारखंच. दुसरी घाला, सारखंच. तिसरी घाला, सारखंच."

"मग काय करतोस?"

"मग काच घालायची थांबवतो." काकांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, हातातच धरला. "मैना, इकडे ये. याच्या शेजारी बस. डावीकडून गाडी येताना दिसली की नुसतं 'गाडी' म्हण. बोट दाखवू नकोस."

मला वाटलं, गंमत आहे. मी बसले. ट्रक एका गावात शिरत होता. डावीकडे पेट्रोल पंप, त्याच्यामागून एक पांढरा टेम्पो निघाला.

"गाडी," मी म्हणाले.

"कुठंय?" बाबा.

"ती काय."

"अगं कुठं ती काय? रस्ता मोकळा..." आणि धडाम. "बघितलंस! उगवला की नाही एकदम!"

टेम्पो पंपापासून सगळा रस्ता सावकाश आला होता. पुढच्या चौकात पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळी मी 'गाडी' म्हणायचंच विसरले, कारण मी पडद्याकडे न बघता काकांकडे बघत होते. दुकानात ते असे दिसत असतील असं वाटलं. हसू नव्हतं, टोमणा नव्हता.

काकांनी बाबांची खुर्ची वळवली आणि गुडघ्याला गुडघा लावून समोर बसले. "माझ्या नाकाकडे बघ."

"त्यात बघण्यासारखं काय आहे?"

"बघ म्हणतो ना. नाकावरून नजर हलवायची नाही. बोट हललं की सांग." त्यांनी दोन्ही हात पसरले. बाबांच्या उजवीकडचं बोट हललं.

"हललं."

मग डावीकडचं. बाबा नाकाकडे बघत होते. काकांचं बोट हलत होतं. हात हळूहळू आत येत होता आणि बोट हलतच होतं. आई ओल्या हातांनी दारात उभी होती, तिलाही ते दिसत होतं. बोट बाबांच्या गालाजवळ आलं तेव्हा ते म्हणाले, "हां, आता हललं. हलव की लवकर, किती वेळ बसवतोस?"

बाबांनी आमच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं.

"काय झालं?"

"उद्या डोळ्याच्या दवाखान्यात जायचं," काका म्हणाले. "मी येतो बरोबर."

"दवाखान्यात? अरे, दर वर्षी तूच तपासतोस मला! तूच म्हणतोस ना, नंबर हललेला नाही, तुझे डोळे बैलाचे आहेत?"

"नंबर समोरचा असतो."

"डेपोतल्या तक्त्याची शेवटची ओळ वाचतो मी. घडाघडा."

"वाचशील. तक्ताही समोरच असतो. हे बाजूचं आहे. असं हळूहळू जातं की माणसाला पत्ता लागत नाही. मेंदू रस्ता मोकळा आहे असं स्वतःच रंगवून टाकतो." काकांचा आवाज नाकातून येत नव्हता. "काय आहे ते डॉक्टर सांगतील, मला ते कळत नाही. मी काचा घासणारा माणूस. पण तू उद्या बस काढू नकोस."

बाबा उठले. उठताना दाराच्या चौकटीला डावा खांदा लागला, आणि आजवर ज्या गोष्टीला आम्ही हसत आलो तिला कुणी हसलं नाही. त्यानंच बाबांचा पारा चढला असावा.

"मी तुला मशीन बघायला बोलावलं होतं. मला बघायला नाही."

"अरे..."

"चल, नीघ. माझी रोजीरोटी आहे ती. तुझ्या एका बोटावर ठरत नाही."

काका गेले. त्यांचा पडदा आमच्याकडेच राहिला, त्यावर ट्रक रस्त्याच्या कडेला तसाच कलंडलेला. आईनं हात पुसत नुसतं विचारलं, "मागे तो बसचा आरसा खांबाला लागला होता म्हणालात, तो डावीकडचाच ना?" बाबा म्हणाले, खांब नवीन बसवलाय तिथं. मग म्हणाले, नवीन नसेलही. रात्री ते फारसे जेवले नाहीत.

सकाळी ते गणवेश घालून, डबा घेऊन निघाले. आई आडवी आली नाही. तिचं असं की, ती कप लवंडला तर घर डोक्यावर घेते आणि खरी वेळ आली की गप्प होते. बाबांनी दार उघडलं, तर पायऱ्यांवर काका बसले होते. दुकानाचे कपडे, मांडीवर डबा. वाट अडवून नव्हते बसले. भिंतीला टेकून, बाजूनं जाता येईल एवढी जागा सोडून.

"इथं काय करतोस?"

"बसलोय."

"माझी बस आहे."

"माहीत आहे. मीही त्याच बसनं जातो."

"मग चल."

"तू काढलीस तर येईन," काका म्हणाले. "पुढच्या सीटवर बसेन आणि डावीकडे बघत राहीन. पण मी दुकानापाशी उतरणार. शाळेचा चौक त्याच्या पुढं आहे."

बाबा उभेच होते. डबा या हातातून त्या हातात.

"डेपोत सांगणार आहेस तू?"

"नाही. तू सांगशील."

"आणि नाही सांगितलं तर?"

काकांनी मांडीवरचा डबा सरळ केला. "तर मी सांगेन. मग तू माझ्याशी बोलणार नाहीस. चालेल मला." मग म्हणाले, "नाही, चालणार नाही. पण सांगेन."

बाबा त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. दोघांच्या मांडीवर डबे. खालून शिक्षिकाबाई आल्या, त्यांना वाटलं दोघं पोरं खोडी काढून बसलीत, त्या हसून निघून गेल्या.

"किती दिवस मी तुझं मशीन बदलत बसलो," काका एकदम म्हणाले. "पडदा बदलला, केबल बदलली. तू सारखंच सारखंच म्हणत होतास. दुकानात परक्या माणसानं तीनदा म्हटलं असतं तर मी त्याला उठवून डॉक्टरकडे पाठवला असता. आणि तू रोज सकाळी बस काढत होतास. मी बसत होतो तिच्यात."

"तुला काय माहीत."

"मलाच माहीत असायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला?"

"गप रे," बाबा म्हणाले. "टोमणे मारायचे सोडून हे काय रडगाणं."

मग त्यांनी खिशातून फोन काढला. डेपोतले साहेब कायम ओरडूनच बोलतात, त्यामुळे त्यांचं बोलणं आम्हाला दारापर्यंत ऐकू येत होतं. "बोला मास्तर! उशीर का? ती नवी पोरं कधीची खोळंबलीत तुमच्यासाठी!"

"साहेब, आज माझी गाडी दुसऱ्याला द्या."

"का हो? ताप?"

"ताप नाही." बाबांनी समोरच्या भिंतीकडे बघत घसा साफ केला. "मला डावीकडचं दिसत नाहीये."

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "कधीपासून?"

बाबांनी काकांकडे पाहिलं. काकांनी हळूच मान हलवली, नाही अशी. मलाही माहीत नाही, अशी. या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच सेटिंगमध्ये नव्हतं. किती चौक, किती पावसाळे, किती सकाळी बाबा मोकळा रस्ता बघत आले होते, आणि त्या रस्त्यावर कोण कोण चालत होतं, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. जिन्यात तो प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

"माहीत नाही साहेब," बाबा म्हणाले. "काल कळलं. आधीचं मला खरंच माहीत नाही."

"या इकडे मग," साहेब म्हणाले. "नाही, आधी दवाखान्यात जा. इथलं बघू. मास्तर? ऐकताय ना? इथलं बघू आपण."

दवाखान्यात पुढे काय झालं ते थोडक्यात सांगायचं तर काचबिंदू निघाला. गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंबांनी टिकवता येतं आणि आता ते टिकवलं जातंय. घरातल्या मुलांनीही तपासून घ्यावं असं डॉक्टरांनी सांगितल्यामुळे माझेही डोळे औषध घालून तपासून झाले. बाबांना बस पुन्हा मिळाली नाही. डेपोत गाड्या सुटायच्या वेळा लावायचं टेबल मिळालं. तिथं बसून ते खिडकीतून बाहेर पडणाऱ्या बसकडे कसे बघतात, ते मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा पाहिलं. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

पण त्या सकाळी हे काहीच माहीत नव्हतं. त्या सकाळी फोन बंद झाला, दोघं उठले, आणि मी गॅलरीतून त्यांना रस्त्याला लागताना पाहिलं. काका बाबांच्या डाव्या अंगाला होते. बाबा थांबले की थांबायचे, बाबा सरकले की तेही सरकायचे, पण बाजू सोडायचे नाहीत. कोपऱ्यावर बाबा वैतागलेले मला इथवर ऐकू आले.

"असा चिकटून काय चालतोस? पडीन मी."

"इकडे जरा सावली आहे," काका म्हणाले.

अख्ख्या रस्त्यावर ऊन होतं.